दोनास तीन

“आणि उरतं कोण?” मुल्ला मास्तरांनी विचारलं.

“कोणीच नाही, मास्तर. तीच तर गंमत आहे,” हेरवाडे सर म्हणाले.

मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती की गालावरची माशी हाकलायची, मला कळलं नाही. मास्तरांचं पुष्कळसं मला कळत नाही. तरी एकतीस वर्षं त्यांच्या वर्गाबाहेर स्टुलावर बसून काढलीत.

मी शिदू माने. वाडीच्या शाळेचा शिपाई होतो. घंटा बडवून बडवून उजवा खांदा उतरला, तेव्हा सरकारनं घरी बसवलं. आता रोज दुपारी मास्तरांची भाकरी घेऊन खाणीवरच्या पिराकडं येतो, एवढीच नोकरी राहिली आहे.

मास्तर सातवीला गणित शिकवायचे. निवृत्त झाले, बायको गेली, मग काचबिंदूनं डोळे गेले. तेव्हापासून दर्ग्याच्या ओसरीत राहतात. चाचपडत झाडलोट करतात, गुरुवारी ऊद लावतात. पूर्वी लोक अडचणी घेऊन यायचे. पण मास्तर उत्तर द्यायचं सोडून उलटा प्रश्न विचारतात, म्हणून हल्ली फारसं कोणी येत नाही.

हेरवाडे सर मात्र आले होते. भर दुपारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत, काखेत फाईल घेऊन. हे अनंत हेरवाडे मास्तरांचेच विद्यार्थी. आता त्याच शाळेत, त्याच सातवीला, तेच गणित शिकवतात. हुशार माणूस. आपण हुशार आहोत हे त्यांना ठाऊक आहे, आणि समोरच्यालाही ठाऊक असावं एवढीच त्यांची इच्छा असते.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याची समिती शाळेत येणार होती. सरांनी गणिताचा एक खेळ काढला होता, तो बघायला. पहिला नंबर आला की तो जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांतून खेळला जाणार, आणि तो शिकवायला सर गावोगाव फिरणार. त्याआधी मास्तरांचा हात डोक्यावर पडावा म्हणून ते आले होते. हात पडला नव्हता. प्रश्न पडत होते.

“पुन्हा सांग,” मास्तर म्हणाले.

सरांनी पुन्हा सांगितलं. गुणोत्तर म्हटलं की पोरांना झोप येते. म्हणून त्यांना मैदानात पळवायचं. पळता पळता सर टाळी वाजवतात आणि म्हणतात, ‘दोनास तीन’. लगेच पाच-पाच जणांनी एकत्र यायचं. गटातल्या दोघांनी बसायचं, तिघांनी उभं राहायचं. पुन्हा पळायचं, पुन्हा टाळी. आणि अगदी शेवटी सर म्हणतात, ‘चौदास एकवीस’. की सगळ्या वर्गाचा मिळून एकच मोठा गोल. चौदा बसलेले, एकवीस उभे. आकडे मोठे झाले तरी गुणोत्तर तेच राहिलं, दोनास तीन. फळ्यावर एक अक्षर लिहायला नको.

खरं सांगायचं तर मला खेळ आवडला. आमच्या वेळी गुणोत्तर पाठीवरच्या वळांवरून शिकायचे.

“जो गटाबाहेर राहतो त्याचं काय करतोस?” मास्तरांनी विचारलं.

सर हसले. त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी, म्हणाले. पाटीवर ‘बाकी’ असं लिहिलेलं. खेळ संपेपर्यंत त्यानं घंटेखाली उभं राहायचं. त्याशिवाय पोरं जीव तोडून पळत नाहीत. मध्ये महिना-दीड महिना एक पोरगी सारखी उरायची. पण आता आज धरून अकरा दिवस झाले, कोणी म्हणजे कोणी उरत नाही. पाटी कपाटात टाकून दिली.

“पटावर किती पोरं?”

“छत्तीस. आणि हजेरीसुद्धा छत्तीस, मास्तर. अकरा दिवस शंभर टक्के. तेही फाईलला जोडलंय.”

ऊन इतकं होतं की कावळासुद्धा ओरडत नव्हता.

“चौदा आणि एकवीस?” त्यांनी विचारलं.

“पस्तीस,” सर फाडदिशी म्हणाले. लहानपणी म्हणायचे तसंच.

आणि मग त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

मी शिपाई असलो तरी शाळेतला शिपाई आहे. बेरीज मलाही येते.

सर सारवासारव करू लागले. एखादा दिवस कोणी आजारी असेल, कोणी गावाला गेलं असेल. मास्तरांनी एवढीच आठवण करून दिली की हजेरी छत्तीसांची लागली आहे, आणि एक दिवस नाही, अकरा दिवस.

“कोण होती ती? उरायची ती?”

सरांना नाव आठवावं लागलं. “धोत्रे... रेणुका धोत्रे. खाणीवर दगड फोडणाऱ्यांची आहे. गणपती झाल्यावर शाळेत आली. तोपर्यंत वर्ग पस्तीसचाच होता. ही छत्तिसावी.”

“ती रोज हजर म्हणते?”

“म्हणते की. मी ऐकतो ना.”

“कुणाच्या आवाजात?”

सर फाईलची दोरी बोटाला गुंडाळू लागले.

आता सरांच्या हजेरीविषयी सांगायला हवं. छत्तीस नावं ते एका मिनिटात उरकतात. मान मस्टरमध्ये, पेन तयार. कानावर ‘हजर’ पडलं की पुढचं नाव. त्यांना एकट्याला दोष देत नाही. माझ्या नोकरीत मी वीस तरी मास्तर बघितले. मुल्ला मास्तर सोडले तर हजेरी घेताना मान वर करणारा एक नाही.

“सोमवारी आवाज घोगरा होता,” सर हळूहळू म्हणाले. “मला वाटलं, सर्दी झाली असेल. मंगळवारी... मंगळवारी चिरका होता. काल दाराकडून आला. आज खिडकीकडून.”

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

“तिचं नाव घेतलं की वर्ग जरा शांत होतो, मास्तर. मला वाटायचं, शिस्त लागली.”

तेवढ्यात खाणीतून टाळी वाजली.

एकच. मग पोरासोरांच्या पायांचा आवाज. मग एक बारीक आवाज काहीतरी म्हणाला. त्यातला शेवटचा शब्द नीट ऐकू आला. “...तीन.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पिराकडं बघितलं.

खोटं कशाला बोलू? ती टाळी मी त्याआधी चार वेळा ऐकली होती. ही जुनी खाण बंद पडून वर्षं झाली. तिच्यात पाणी साठलंय, सहा-सात पुरुष खोल. त्या पाण्याला साती आसरा आहेत, पाण्यातल्या देवता, असं अख्खी वाडी मानते. काठावर शेंदूर लावलेले सात गोटे आहेत. आसरा भर दुपारी वर येतात, आणि पाण्याजवळ गेलेलं पोर ठेवून घेतात. मास्तर मला चार वेळा म्हणाले, शिदू, खाली बघून ये. चारही वेळा मी गोट्यांपुढं नारळ ठेवला आणि पायाला पाय लावून घरी पळालो.

“अकरा दिवस वाजतेय,” मास्तर म्हणाले. “टाळी मी ऐकत होतो. खेळ मला आज कळला.”

सर पुटपुटले, पोरीच्या घरचं कोणी शाळेत आलं होतं का. स्वतःच म्हणाले, कशाला येतील? आई उजाडायच्या आत नव्या खाणीच्या क्रशरवर जाते. पोरगी दप्तर घेऊन घरातून निघते. घरच्यांना वाटतं शाळेत आहे. शाळेला वाटतं हजर आहे. दोन्हीकडच्या हिशेबात पोरगी जागेवर होती, आणि अकरा दिवस तिला कोणी शोधलंच नव्हतं.

“पाणी किती खोल म्हणालात, शिदूमामा?”

मी काही म्हणालो नव्हतो. आता सांगितलं.

सर उठले आणि फाईल तिथंच टाकून पळत सुटले. मी मास्तरांचा हात धरला. ते काठीनं दगड चाचपत चालले. माझी पाचावर धारण बसली होती, पण आंधळा माणूस पुढं निघाल्यावर मागं कसं राहायचं?

खाणीच्या कडेला आलो. सर वाकून बघत उभे होते.

खाली कोणी नव्हतं.

हिरवं पाणी होतं, हलतसुद्धा नव्हतं. पाण्याशेजारी दगडाचं सपाट अंगण. सगळीकडं दगडाची करडी पूड पसरलेली, उन्हात डोळ्यांत खुपणारी. टाळी थांबली होती. पायांचा आवाज थांबला होता.

“काय दिसतं?” मास्तरांनी विचारलं.

“दगड आहेत,” सर म्हणाले. “मास्तर... कोणीतरी मांडलेत. गोल. काही बसके आहेत, काही उभे रोवलेत.”

“मोज.”

सरांनी बोट करून मोजले. बरोबर मोजले. मोजण्यात ते चुकत नाहीत.

“सोळा बसके. चोवीस उभे. चाळीस.” मग आवाज एकदम खाली गेला. “सोळास चोवीस... दोनास तीनच आहे, मास्तर.”

आपला खेळ असा पाण्याच्या काठाला मांडून ठेवलेला ते बघत राहिले. ही मांडणी करणारी त्यांच्याच वर्गातली, यात काही शंका राहिली नाही. पण ती होती कुठं? अंगणात दुसरं काही नव्हतं, आणि अंगण संपलं की पाणीच होतं.

“पोरगी नाही,” ते म्हणाले. “नुसते दगड आहेत.” मग त्यांनी बुटाच्या नाड्या सोडायला घेतल्या. पोहता येतं का विचारलं तर मान हलवली, नाही. मला म्हणाले, दोर आणा, गावात सांगा, माणसं आणा. मी पळणारच होतो. मास्तरांनी काठी आडवी धरली.

“आधी हजेरी घे,” ते म्हणाले.

“आता? मास्तर, ती पोरगी—”

“हजेरी घे.”

सरांनी नाव घेतलं. “रेणुका धोत्रे.”

नेहमीच्या घाईनं म्हणाले. खाणीनं नाव जसंच्या तसं परत केलं. बाकी काही नाही.

“रेणुका धोत्रे.”

पुन्हा तेच. पाण्यावर एक वावटळ उठली आणि विरून गेली.

सर काठावर अगदी पुढं आले. आता ते पाण्याकडं बघत नव्हते. त्या चाळीस दगडांकडं बघत होते, एकेका दगडाकडं, जसं वर्गात कधीच बघितलं नव्हतं.

“रेणुका,” ते म्हणाले.

“हजर, सर.”

उभ्या दगडांतला एक दगड बोलला. मग तो हलला. त्याला दोन वेण्या होत्या.

केसांपासून तळव्यांपर्यंत पोरगी करडी झाली होती. पापण्यांवरसुद्धा पूड. अंगावर शाळेचा गणवेश होता, पण तो गणवेश आहे हे जवळून बघितल्यावर कळलं. पाठीला दप्तर होतं. जुन्या गाडीवाटेनं ती वर आली आणि हाताची घडी घालून सरांपुढं उभी राहिली.

सर खालीच बसले. एक बूट पायात, एक हातात.

“हा आवाज,” ते मला म्हणाले, “हा आवाज मला ओळखूच आला नसता, शिदूमामा.”

मला रडू फुटलं. रागही आला, आणि तो सरांचा नव्हता. पोरगी अकरा दिवस टाळ्या वाजवत होती आणि मी नारळ ठेवत होतो.

सरांनी तिला विचारलं, शाळेत का येत नाहीस? कोण काय बोललं? कोणी मारलं का?

कोणी बोललं नाही, मारलंही नाही, म्हणाली. सगळ्यांनी मिळून सांगितलं. मधल्या सुट्टीत सगळे गोल बसले होते. तू आलीस की एक उरतो, तू नसलीस की खेळ पुरा होतो, आणि पुरा झाला की सरांना आवडतं. समिती यायची आहे. तिला पटलं. गणितच होतं ते, न पटायला काय झालं? तिचा खाडा लागू नये म्हणून पोरांनी पाळ्या लावल्या. ज्याची पाळी त्यानं तिच्या नावाला ‘हजर’ म्हणायचं, आणि त्या दिवशी आपल्या डब्यातलं अर्धं तिच्यासाठी फाटकाजवळच्या बाभळीखाली ठेवायचं. कुणी चपाती ठेवली, कुणी शेंगदाण्याचा लाडू. अकरा दिवसांत एकही पाळी चुकली नव्हती. एक पोरगा डबा घरीच विसरला, तर त्याचा वाटा त्याच्या बहिणीनं आणून ठेवला.

वाटणी चोख होती. सर ऐकत होते. ज्या पोरांना त्यांनी गुणोत्तर शिकवलं होतं, त्यांनी ते असं वापरलं होतं, आणि त्यात कोणाचं काही वाईट करायचं मनातसुद्धा नव्हतं. हे ऐकताना आसरांची वाटली त्याहून जास्त भीती मला वाटली.

“एकटी खाली बसायला भ्यायली नाहीस?” मी विचारलं.

“एकटी कुठं?” ती म्हणाली.

मग तिनं खालचे दगड दाखवले. हे पस्तीस म्हणजे आपला वर्ग. तो जाडा बसका म्हणजे मॉनिटर. ते दोन चिकटलेले उभे म्हणजे पहिल्या बाकावरच्या बहिणी, त्यांना वेगळं केलं की पडतात. प्रत्येक दगडाला नाव होतं, आणि पस्तीसच्या पस्तीस नावं तिनं हजेरीच्या क्रमानं घडाघडा म्हणून दाखवली. शेवटी म्हणाली, आणि छत्तिसावी मी.

सरांनी मान वर केली. हिशेबाचा माणूस. रडतानाही त्याला आकडा खुपतो.

“मी चाळीस मोजले,” ते म्हणाले.

रेणुकानं टाळी वाजवली.

बसक्या दगडांतले चार उठले.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली, ती मलाच नंतर ऐकू आली. मास्तरांनी माझा दंड दाबून धरला. चार पोरं होती. रेणुकाच्याच वयाची, एक जरा बारकी. तिच्यासारखीच नखशिखांत करडी. इतका वेळ गुडघ्यांत मान घालून, श्वास धरून बसली होती. आता उभी राहिली तरी हलत नव्हती, आमच्याकडं नुसती बघत होती, आणि त्या करड्या तोंडांत फक्त डोळे ओले होते.

ती कोण, हे रेणुकानंच सांगितलं. त्यांचेही आईबाप क्रशरवरच आहेत. ही पोरं कुठल्याच शाळेत नाहीत, आजवर कधी नव्हती. सकाळी खडी भरतात, दुपारी मुकादम झोपला की इकडं येतात. मुकादमानं बजावून ठेवलंय की बूट घातलेला माणूस दिसला की जागच्या जागी बसायचं, अजिबात हलायचं नाही. बूटवाले नावं लिहून नेतात आणि मग आईबापांचं काम जातं.

सरांनी हातातला बूट हळूच खाली ठेवला.

“पहिले दोन दिवस मी आणि दगडच होते,” ती म्हणाली. “मग मीच उरायचे. तिसऱ्या दिवशी ही चौघं आली. मग जमलं.”

शाळेची घंटा ऐकू आली. नवा शिपाई ती फार पिचकी वाजवतो. सर उठले, खिशातला रुमाल काढून पोरीचं तोंड पुसायला लागले. पुसलं तितकं तोंड गव्हाळ झालं, बाकीचं करडंच राहिलं. म्हणाले, चल, वर्ग भरेल, माझ्याबरोबर चल.

ती जागची हलली नाही.

“उद्या पाहुणे आहेत ना, सर?”

“हो.”

तिनं जरा विचार केला. थोरल्या माणसानं धाकट्याची अडचण समजून घ्यावी तसं म्हणाली, “मग मी परवा येते.”

...

सरांनी रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मी एकतीस वर्षांत मास्तर लोकांचे अपमान पुष्कळ बघितलेत, साहेबांनी केलेले, सरपंचांनी केलेले. असा कधी बघितला नव्हता. आणि पोरीला तर वाटत होतं, आपण सरांना मदतच करतोय.

शेवटी ते मास्तरांकडं वळले. तेव्हा ते हेरवाडे सर नव्हते. दुसऱ्या बाकावरचा अनंता होता, गणित अडलं की कान लाल व्हायचे तो.

म्हणाले, हिला मी आत्ता नेतो. ती पाटी आज जाळतो. नंबर येवो न येवो. पण उद्या टाळी वाजवली की पोरं पुन्हा पाच-पाच होतील. खेळाचं नाव अर्जात छापून गेलंय, दोनास तीन, तेच दाखवावं लागणार. बसवायचं कसं? पाटी नसली तरी ही पुन्हा बाहेरच उभी राहणार, परवाही राहणार आणि तेरवाही. पोरं पुन्हा मोजतील. मी त्यांना मोजायलाच तर शिकवलंय.

“मी काय करू, मास्तर?” त्यांनी विचारलं. “छत्तीसांत एक जास्त होतंय.”

मास्तरांनी हात पुढं केला. मला वाटलं, आता तरी डोक्यावर ठेवणार. तो हात सरांच्या छातीवरून चाचपडत खिशापर्यंत गेला, त्यानं पेन काढलं आणि सरांच्या मुठीत दिलं.

“एक जास्त नाही रे, अनंता,” ते म्हणाले. “चार कमी आहेत.”